पाणी सोडू का?

चेरीताल, जबलपूर
२८ ऑगस्ट २०२५

चि. शैलेंद्र यास,

ताईचे आशीर्वाद. हात सवयीने लिहून गेला, मनातून निघालेले नाहीत, हे आधीच सांगते.

फोनवर बोलता आलं असतं. पण परवा मी दुसरं वाक्य सुरू केलं आणि तू मीटिंग आहे म्हणून फोन ठेवलास. पत्र असं मध्येच बंद करता येत नाही. बाजूला टाकलंस तरी टेबलावर पडून राहील आणि श्रद्धा वाचेल. तिनेही वाचावंच.

मंगळवारी दुपारी विक्की जेसीबी घेऊन सिमरियाला आपल्या शेतावर आला आणि मोठ्या बंधीचा बांध मोरीशेजारी दहा फूट फोडून गेला. राखणीला असलेल्या अंजनीभैयाने आडवं होऊन अडवलं, तर म्हणाला की शैलेंद्र भैयाजींचा फोन आहे, त्यांच्याच हिश्शातलं काम आहे, दीदीला विचारायची गरज नाही. मी स्कूटर काढून तिथे पोचेपर्यंत तळ्यासारख्या भरलेल्या शेतात फक्त चिखल आणि तडफडणारे मासे उरले होते. हिस्सा तुझा आणि माझा कागदावर आहे, बाबा. बांध दोघांना मिळून एकच आहे. पाण्याला आपलं वाटणीपत्र वाचता येत नाही.

पुण्यात राहून विसरला असशील, म्हणून आठवीच्या वर्गाला सांगायची तसं सांगते. आपली हवेलीची शेती. आषाढात पडेल ते पाणी चारी बाजूंच्या उंच बांधांमध्ये, म्हणजे बंधीत, कोंडायचं आणि आश्विनापर्यंत उभं ठेवायचं. कांस गवत आणि तण त्यात कुजतं, काळी माती खोलवर पिऊन घेते. दसऱ्यानंतर मोरी उघडून पाणी खाली सोडायचं, वाफसा आला की गहू-हरभरा पेरायचा. मग होळीला कापणी होईपर्यंत एक तांब्या पाणी द्यावं लागत नाही. विहीर नको, मोटार नको, विजेची वाट पाहायला नको. कितीतरी पिढ्या ह्यावर जेवल्या, त्यात तुझं इंजिनिअरिंगही आलं.

आणि त्यात नियम एकच होता. वरच्या शेताने पाणी सोडण्याआधी खालच्याला विचारायचं. माणूस पाठवून नाही, स्वतः जाऊन. खालच्या शेतात पटेल होते तेव्हा दादा छत्री घेऊन, धोतर खोचून त्यांच्या बांधावर जायचे आणि पाणी सोडू का असं विचारायचे. पटेल येऊ द्या म्हणेपर्यंत मोरीला हात लागत नसे. आपण दोघं मागून चिखल तुडवत जायचो, आठवतं? तू एकदा चप्पल गमावली होतीस.

ते शेत आता लक्ष्मणरावांचं आहे. त्यांची बंधी आधीच काठोकाठ होती. आपलं सगळं पाणी एकदम अंगावर आल्यावर त्यांचा खालचा बांध फुटला आणि दोन्ही शेतांचं पाणी नाल्यात गेलं. सिमरियात दोनच बंध्या उरल्या होत्या, एक आपली आणि एक त्यांची. बाकी सगळ्यांनी बांध सपाट करून धान लावलं. तू एका फोनमध्ये दोन्ही संपवल्यास. कशासाठी, ते मला लिहून कळव.

सौ. श्रद्धा आणि चिन्मयीला आशीर्वाद. ते खरे आहेत.

तुझ्यावर माया आहे, म्हणूनच एवढी शाई खर्च केली.

विनताताई


कोथरूड, पुणे
३ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. माझा साष्टांग नमस्कार मात्र मनापासून आहे, कारण तुझ्यासमोर उभं राहण्यापेक्षा आडवं पडणंच सुरक्षित आहे.

कशासाठी, ते सांगतो. ठिबकची एजन्सी घेतल्याला मला तीन वर्षं झाली. आपल्या जबलपूरकडे एक नमुन्याचं शेत दाखवायचं होतं. एक तारखेला मोजणीला माणसं येणार होती आणि शेतात कमरेएवढं पाणी. पाण्यात काय मोजणार, बेडूक? मी विक्कीला बांध फोड असं म्हटलं नव्हतं. खालच्या बाजूने वाट करून पाणी नाल्याला लाव, एवढंच म्हटलं होतं. त्याने दहा फूट फोडला, त्याला मी काय करू?

ताई, तू दरवेळी हवेलीचे पोवाडे गातेस. ऐन पावसाळ्यात तीन महिने जमीन कुलपात राहते, वर्षाला एकच पीक निघतं, ह्याला शहाणपण म्हणायचं का? बाकीच्या गावाने बांध सपाट केले ते काय सगळे मूर्ख होते? ठिबकमध्ये थेंबन् थेंब मुळाशी जातो. पाणी वाचवायचंच मी बोलून राहिलो ना? मग मी शत्रू कसा झालो? तू तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलंस, आणि शेतात मात्र वडिलांचा शब्द, दादा म्हणाले तेच चालणार.

लक्ष्मणरावांचं मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. मी नकाशा पाहूनच विक्कीला जागा सांगितली होती. उपग्रहाचा फोटो एप्रिलचा निघाला. त्यात त्यांचं शेत आणि नाला सगळं सारखंच तपकिरी दिसत होतं. ती माझी चूक, मान्य. त्यांची भरपाई मी विक्कीच्या हाती पाठवतो, तू मध्ये पडू नकोस.

आणि मी पंचावन्न वर्षांचा आहे. आठवीचा वर्ग आता बंद कर.

राग निवळल्यावर दोन ओळी टाकाव्यात, एवढीच विनंती.

तुझा,
शैलेंद्र


चेरीताल, जबलपूर
८ सप्टेंबर २०२५

चि. शैलेंद्र यास, आशीर्वाद.

राग निवळलेला नाही, वाढला आहे. आता तो तुझ्या एकट्यावर नाही, एवढाच काय तो फरक.

आधी तुझं ठिबक. ते वाईट आहे असं मी कधीच म्हटलं नाही. पण त्या नळ्यांमध्ये पाणी येणार कुठून? बोअरमधून. आणि बोअरमध्ये येणार कुठून? ज्यांनी बांध सपाट केले त्यांना विचार. दर दोन वर्षांनी आणखी खोल जावं लागतं आहे. पाणी मुरायला जागाच ठेवली नाही, आणि तू थेंब मोजायला निघालास. चलो, ते राहू दे.

पाऊस अजून आहे. ह्या महिन्यात दोन चांगल्या सरी आल्या आणि त्याआधी बांध उभे राहिले, तर पोटरीएवढं तरी पाणी कोंडता येईल आणि गहू वाचेल. पण मधला बांध आपला आणि लक्ष्मणरावांचा सामाईक आहे. त्याची माती त्यांच्या बाजूनेही चढवावी लागते, आणि त्यांचा खालचा बांध उघडाच राहिला तर आपला बांधून उपयोग नाही. म्हणून मी शनिवारी अंजनीभैयाला निरोप देऊन पाठवलं, की दोन्ही बांध मिळून बांधू, मजूर आमचे. तुझी भरपाई घेऊन तो विक्की गेला होता, तीही त्यांनी हात न लावता परत केली.

तर त्यांनी काय उत्तर पाठवावं? बांध बांधायचा नाही. उरलेलाही सपाट करून शेत धानवाल्याला देणार. मी थक्क झाले. चूक आपली आहे, कबूल, पण आपण सुधारायला तयार आहोत ना? एवढा कसला ताठा? बावीस वर्षं शेजारी राहून इतकंही ऐकायचं नाही? डोक्यात नुसती तिडीक गेली आहे. अंजनीभैयाला पुन्हा पाठवते.

सगळ्यांना आशीर्वाद. तिघं जपून असा.

विनताताई


सिमरिया
९ सप्टेंबर २०२५

आदरणीय विनताताई यांस,

सप्रेम जयभीम. वि. वि. की, तुमचा माणूस आज दुसऱ्यांदा येऊन गेला. तो बिचारा निरोप्या आहे, त्याच्यावर तोंड टाकणं मला बरं वाटलं नाही, म्हणून तुम्हालाच लिहितो. राग आला तर येऊ द्या. मला चौदा दिवसांपासून येऊन राहिला आहे.

मी फॅक्टरीत पस्तीस वर्षं काढली. तिथे असतानाच हे शेत घेतलं तेव्हा मला हवेलीतलं काही येत नव्हतं. आमच्या भंडाऱ्याकडे असली शेती नाही. मी तुमच्या वडिलांकडे खालून पाहून पाहून शिकलो. ते बांधावर हरळीच्या ढेपा कशा लावतात, मोरीला किती दगड टाकतात, सगळं. त्यांनी शिकवलं नाही, मी पाहिलं.

पटेलांनी शेत विकताना मला सांगितलं होतं की वरचे साहेब पाणी सोडण्याआधी स्वतः बांधावर येऊन विचारतात, तुम्ही येऊ द्या म्हणायचं. पहिल्या वर्षी मी धुतलेला सदरा घालून बांधावर उभा राहिलो. तुमचे वडील कडुनिंबापर्यंत आले. तिथे थांबले. अंजनीला पुढे पाठवलं. अंजनीने सांगितलं की साहेब पाणी सोडून राहिले आहेत. विचारलं नाही, सांगितलं. पटेलांच्या बांधापर्यंत येणारे पाय माझ्या बांधापर्यंत काहून आले नाहीत, ते मला ठाऊक आहे. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हालाही ठाऊक असेल.

ते गेल्यावर सहा वर्षं तुम्ही पाहता. तुम्ही चांगल्या आहात, सुमनबाईची तब्येत दरवेळी विचारून पाठवता. पण पाठवताच. कडुनिंबापर्यंतही येत नाही. आता तुमच्या भावाने न सांगता सोडलं. आधी सांगून सोडत होते, आता न सांगता सोडलं, माझ्यासाठी फरक तेवढाच.

विचारायचंच नसेल तर मी खाली बांध घालून कोणाच्या पाण्याची वाट पाहू? धानवाला दसऱ्याला येणार आहे. त्याआधी ज्याने बांध फोडला त्याने माझ्या बांधावर यावं. निरोप नको, भरपाई नको.

सुमनबाईचा जयभीम. स्नेह राहावा असं वाटतं, म्हणून खरं लिहिलं.

आपला,
लक्ष्मणराव


चेरीताल, जबलपूर
१२ सप्टेंबर २०२५

चि. शैलेंद्र यास,

आशीर्वाद. सोबत लक्ष्मणरावांच्या पत्राची प्रत आहे. आधी ती वाच, मग पुढे वाच.

वाचलीस? मी पहिल्यांदा वाचली तेव्हा संतापले. दादांविषयी असं कसं लिहू शकतात म्हणून कागद आपटला. मग चहा ठेवला, तो उतू गेला, आणि गॅस पुसता पुसता मला तो कडुनिंब दिसायला लागला. दादा त्याखाली छत्री मिटून उभे आहेत. मी मागे आहे. मी तेव्हा चाळिशी ओलांडलेली, शाळेत मुलांना समतेवर निबंध लिहायला लावणारी. मला वाटलं होतं, दादांचे गुडघे दुखत असतील. तेवढ्यावर मी समाधान मानलं. बावीस वर्षं मानलं, शैलेंद्र. त्या गुडघ्यांनी ते रोज सकाळी नर्मदेवर ग्वारीघाटाच्या पायऱ्या उतरत होते.

आणि मी? मी तर चेरीतालमध्ये बसून अंजनीभैयाला फोन करायचे. परवा तुला तोऱ्यात लिहिलं की नियम एकच होता, स्वतः जाऊन विचारायचं. लिहिताना पेन अडखळलंसुद्धा नाही. तुझा नकाशा तरी एप्रिलचा होता. मी तर दरवर्षी तिथे जात होते.

काल मी गेले. कडुनिंब ओलांडून फुटलेल्या बांधापर्यंत. पाय घसरला, साडी गुडघ्यापर्यंत भरली, ते हात द्यायला पुढे झाले नाहीत आणि मलाही तो मागायचा धीर झाला नाही. मी चुकले असं म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले की तुमचं ऐकलं, पण फोडला तुम्ही नाही. एवढं बोलून ते घराकडे चालू लागले. सुमनबाई दारात होत्या, त्यांनी मला पाय धुवायला पाणी दिलं.

तू मला ठिबक शिकवू नकोस, भरपाई पाठवू नकोस, विक्कीचं नाव घेऊ नकोस. गाडीचं तिकीट काढ. दसरा दोन तारखेला आहे. ह्या वेळी मीटिंग आहे म्हणालास तर राखी पाठवणं कायमचं बंद.

मी तुझी वाट पाहते आहे, आणि अजूनही फार चिडलेली आहे.

विनताताई


कोथरूड, पुणे
२७ सप्टेंबर २०२५

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

काल सकाळी सुखरूप पोचलो. तू दिलेला खुरचनच्या मिठाईचा डबा चिन्मयीने स्टेशनवरच उघडला. माझे तळहात पाहून श्रद्धाने हळद लावली आणि हसली. हसण्यासारखं काही नव्हतं.

तुझ्या घरात मी बोललो नाही, कारण तू बोलू दिलं नसतंस. म्हणून इथून लिहितो. मी रागातच आलो होतो. गाडीत पूर्ण रात्र ठरवत होतो की दोन मिनिटं माफी मागायची आणि निघायचं. बांधावर गेलो, चुकलो म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फावडं उचलून माझ्या पायाशी टाकलं. तीन दिवस, ताई! तीन दिवस मी ढेपा उचलल्या आणि ते लावत गेले. माझी ढेप उलटी पडली की ते न बोलता काढून सुलटी लावायचे, मुळं खाली. एक शब्द नाही. जेवणाच्या वेळी सुमनबाईंनी भाकरी पुढे ठेवली, ती मी त्यांच्याच शेजारी बसून खाल्ली, तेव्हाही नाही. मला इतका राग यायचा की वाटायचं फावडं फेकून द्यावं आणि निघावं.

तिसऱ्या दिवशी पाऊस आला. तू आडोशाला गेलीस. आम्ही दोघं नव्या मातीवर पोती अंथरत होतो. तेव्हा ते एकच बोलले, की ही माती तुमच्या वडिलांना फार चांगली कळत होती. मी पोत्याचं टोक ओढून त्यावर दगड ठेवला.

ठिबकविषयी माझं मत बदललेलं नाही, हे लिहून ठेव. पण मोठ्या बंधीत नको. माझ्या हिश्शाचं कागदावर काय करायचं ते तू ठरव. पाणी चढलं का, ते कळव. रोज आकाशाचा अंदाज पाहतो आहे, तोही जबलपूरचा, इथे ऊन आहे की पाऊस ते ठाऊक नाही.

तुझी माया आहे तशीच राहो, थोडी कमी तिखट चालेल.

तुझा,
शैलेंद्र


चेरीताल, जबलपूर
१४ ऑक्टोबर २०२५

चि. शैलेंद्र यास,

अनेक आशीर्वाद. आज मोजून नाही, भरभरून.

पाणी चढलं. पोटरीच्या थोडं वर, पूर्वीसारखं नाही. पण कांस बुडाला आणि माती प्यायली. त्यांच्याकडेही तेवढंच. धानवाला दसऱ्याला आला होता, तेव्हा लक्ष्मणराव नागपूरला दीक्षाभूमीवर गेले होते. सुमनबाईंनीच त्याला परत पाठवलं. नवऱ्याला न विचारता, असं त्या मला मुद्दाम म्हणाल्या.

आठ तारखेला मी पाणी सोडायला विचारायला गेले. अंजनीभैयाला घरी बसवलं होतं. कडुनिंब ओलांडला, बांधावर चढले, समोर उभी राहिले आणि दादा पटेलांना विचारायचे तसं विचारलं, पाणी सोडू का म्हणून. आता ते येऊ द्या म्हणतील आणि मी हसून परत येईन, असं सगळं मनात रचून ठेवलं होतं.

ते म्हणाले, नाही. अजून चार दिवस नाही.

शैलेंद्र, मला राग आला. लपवत नाही, भयंकर आला. एवढं सगळं केल्यावरही? वर आपली माती पाण्याखाली राहून राहिली होती, पेरणी मागे पडणार होती, वाफसा कोणासाठी थांबत नाही. मी तोंडाने बरं म्हणाले आणि स्कूटर अशी हाणली की चेरीतालपर्यंत दोन ऑटोवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या. घरी आल्यावर वाटलं, हे उट्टं काढून राहिले आहेत. बावीस वर्षांचं उट्टं. दुसऱ्या दिवशी अंजनीभैयाने विचारलं की मोरी उघडू का, दीदी, नाही तर उशीर होईल. हो म्हणणं अगदी जिभेवर आलं होतं. दादांना असा नकार कधी कोणी दिलाच नव्हता. पटेलांनीही नाही. मग मला कळेना की दादा तरी खरंच विचारत होते का.

तिसऱ्या दिवशी राहवलं नाही म्हणून पुन्हा गेले. लक्ष्मणराव शेतात नव्हते. त्यांच्या खालच्या बांधावर, तू ढेपा उचलून दिल्यास त्या जागी, मी नुसता पाय ठेवून पाहिला. घोट्यापर्यंत आत गेला. माती बसलीच नव्हती. त्या दिवशी पाणी सोडलं असतं तर तो बांध दुसऱ्यांदा आपल्याच हातून गेला असता. ते मला सांगू शकले असते, पण त्यांनी सांगितलं नाही. नाही म्हटलं, तेवढंच.

मी थांबले. काल सकाळी शेतावर पोचले तर ते आपल्या बांधावर येऊन उभे होते. आपल्या, वरच्या बांधावर. त्यांना तिथे मी आजवर पाहिलं नव्हतं. धुतलेला सदरा होता. म्हणाले, येऊ द्या. मोरीचे दगड आम्ही दोघांनी मिळून काढले. पाणी सावकाश गेलं, दुपारपर्यंत जात होतं, बांध हलला नाही. आपली पेरणी चार दिवस मागे पडली आहे. मी तक्रार करणार नाही, करावीशी मात्र वाटते आहे.

श्रद्धाला आणि चिन्मयीला दिवाळीचे आशीर्वाद. फराळ पाठवते आहे, चकल्या जरा करपल्या आहेत, मी त्या चार दिवसांत केल्या.

आहे तशी सोसून घेत जा मला, माझंही तुझ्याशी तेच चाललं आहे.

विनताताई

ता. क. पुढच्या आश्विनात रजा काढ. बांधावर जाऊन विचारायची पाळी तुझी. परतीचं तिकीट मात्र काढू नकोस, ते नाही म्हणाले तर थांबावं लागेल.